पाय मोडका क

दशलक्षण संपलं की
आमच्याकडे चाळीस क्षमा लागतात.
पाहुणे, जुने सहकारी, बस्तीतले पंडित, डॉक्टर उपाध्ये,
ज्यांचं मी काहीच बिघडवलेलं नाही असे कितीतरी.
खणभागातल्या प्रेसवाल्यानं यंदा यंत्र विकलं,
तिथं आता मोबाइलची कव्हरं मिळतात.
म्हणून मुलाचा कॉम्प्युटर.
तो बेंगलोरला, हा इथे,
धुळीसकट माझ्या वाट्याला.

खालच्या मजल्यावरची शर्वरी शिकवून गेली:
कागद आडवा, मधे घडी,
एका पानात दोन कार्डं.
“काका, कमळ टाकू? चमकी टाकू?”
कमळ टाक म्हटलं. चमकी नको.

पहिल्या खेपेला आतला मजकूर उलटा आला,
क्षमा डोक्यावर उभी.
दुसऱ्या खेपेला जाड कागद तिरका ओढला गेला
आणि देठ राहिला कागदाच्या बाहेर.
मग पिवळी शाई संपली.
सांगलीत, हळदीच्या पेठेत, पिवळ्याची टंचाई!
कमळं जांभळट निघाली,
थंडीतल्या ओठांसारखी.
बायको म्हणाली, शोभतात.

आणि दर खेपेला क्ष फुटत होता.
पडद्यावर अखंड, कागदावर
क्‌षमा.
क अलीकडे, पाय मोडलेला,
ष पलीकडे तोंड फिरवून.
फाँटचा प्रॉब्लेम आहे, दुसरा घ्या, शर्वरी म्हणाली.
घेतला. जुळलं.
एकोणचाळीस कार्डं बाहेर पडली,
कोमट, एकमेकांना चिकटणारी:
‘कळत-नकळत आपलं मन दुखावलं असेल तर’
एकोणचाळीसदा, नाव तेवढं बदलून.

चाळिसावं भूपालचं.

भूपाल मगदूम, हरिपूर.
आमच्या पतसंस्थेची पिग्मी गोळा करायचा.
सायकल, खाकी पिशवी, कानावर पेन.
सत्त्याण्णव साली साडेचार हजार जुळेनात.
खाडाखोड माझ्या हातची होती
हे मला त्याच दुपारी, चहा यायच्या आधी कळलं.
चहा आला. मी प्यालो.
संचालकांनी भूपालची पिशवी काढून घेतली.
गप्प बसायला तसं फार काही लागत नाही.
पुढं दरवर्षी त्यालाही प्रेसचं कार्ड जात राहिलं.
त्याचंही येतं. पोस्टकार्ड, हातानं लिहिलेलं:
आमची काही चूक झाली असल्यास.

आज कर्सर त्या ओळीवर लुकलुकत राहिला.
मी ‘नकळत’ खोडायला घेतलं, मागून पुढं:
त गेला, ळ गेला, क गेला,
शेवटी नुसता न उरला,
तोही.
मग ‘असेल तर’.
मग ‘आपलं’ काढून ‘तुझं’.
नुसतं ‘कळत’ असं मराठीत कुणी लिहीत नाही.
मी लिहिलं.
ओळ इतकी आखूड झाली
की कार्डात पांढरंच फार दिसायला लागलं.
तिथं काय घालावं? तारीख?
रक्कम घातली. आकड्यात, आणि अक्षरी.

शर्वरीला ही फाइल दाखवली नाही.
छापायला दिली तर, कसा कोण जाणे,
जुनाच फाँट लागला:
क्‌षमा.
दुसरी प्रत काढता आली असती. कागद होता.
काढली नाही.

हरिपूरला हळदीची पेवं होती, जमिनीत.
भूपालचे वडील त्यांत उतरायचे.
तोच सांगायचा, पायरीवर बसून डबा खाताना:
पेव उघडलं की लगेच आत जायचं नसतं,
कोंडलेला वारा माणूस घेतो.
तोंड मोकळं करायचं
आणि बाजूला थांबायचं.

हे कार्ड पोस्टात टाकणार नाही.
सहाच्या बसनं जाईन,
दारातच हातात देईन.
तो वाचेल, चष्मा शोधून.
‘बस’ म्हणेल तोवर
मी उभा राहीन.